‘फाइल टाका, बटन दाबा, कमवा’: घरच्या सीएनसीच्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत मिनिटभराचा व्हिडिओ: टेबलावर मावेल एवढं सीएनसी मशीन (संगणकाच्या हुकमावर कोरणारं), सागवानाच्या फळीवर गणपती उमटतोय, मागे सनई. मजकूर साधारण असा: अर्ध्या तासात जोडणी होते. केसाएवढाही फरक पडत नाही. इंटरनेटवरून फाइल उतरवा, बटन दाबा आणि झोपा, सकाळी मूर्ती तयार. कुठलंही लाकूड चालतं. ना धूळ, ना आवाज. महिन्याला पन्नास हजार कुठे गेले नाहीत. आणि शेवटची ओळ ठळक अक्षरांत: ‘आता सुताराची गरज नाही.’

माझ्याकडे असं मशीन आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. त्यामुळे हा मेसेज वाचून जास्तच चिडचिड होते. यातली बहुतेक वाक्यं शंभर टक्के खोटी नाहीत, हीच त्याची गोम आहे. त्यांत थोडं तथ्य आहे आणि पुढचं सोयीस्कर गाळलंय.

‘अर्ध्या तासात जोडणी होते.’ नटबोल्ट आवळायला एक दुपार पुरते, हे मान्य. सगळ्यात जास्त खपणारं छोटं मशीन म्हणजे ३०१८, म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटरचा बेड (लाकूड ठेवायची जागा). पण नटबोल्ट आवळले म्हणजे मशीन लागलं असं नाही. दोन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात आहेत का? गुण्या लावून अंदाज येतो, खात्री होत नाही. खात्री करायची तर टाकाऊ एमडीएफवर (भुसा दाबून केलेली फळी) मशीनकडूनच एका आयताच्या चार कोपऱ्यांना भोकं पाडून घ्यायची आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे नसले तर पुन्हा बोल्ट सैल. मग स्पिंडल, म्हणजे कोरणारं पातं (बिट) फिरवणारी मोटर, बेडला लंब आहे का ते बघायचं. नसला तर सपाट केलेल्या पृष्ठभागावर प्रत्येक फेरीची पायरी नखाला लागते. मग बेडवरचा एमडीएफचा तक्ता मशीननेच सपाट करून घ्यायचा, कारण कारखान्यातून आलेला तक्ता सपाट असतो हा भाबडेपणा आहे. यातलं काही व्हिडिओत दिसत नाही. दाखवलं असतं तर कोणी शेवटपर्यंत बघितलं नसतं, हेही खरंच.

‘केसाएवढाही फरक पडत नाही.’ हा दावा कुठून येतो ते सांगतो. मोटर १.८ अंशांची, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावलं. ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, प्रत्येक पावलाचे सोळा भाग करतो. स्क्रू एका फेऱ्यात ८ मिलिमीटर पुढे नेतो. भागाकार केला की एका मिलिमीटरला ४०० पावलं, म्हणजे एक पाऊल ०.००२५ मिलिमीटर. कागदावर झकास. पण एवढं बारीक हलण्याचा हुकूम देता येतो, याचा अर्थ बिट तेवढंच हलतं असा नाही. नटमध्ये खेळ असतो, दांड्या वाकतात, बिट स्वतः वाकतं.

आणि लाकूड? आपल्या हवेत मे महिन्यात कोरलेली सागवानाची फळी ऑगस्टमध्ये मोजून बघा. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळजवळ हलत नाही, आडवं मात्र फुगतं. शंभर मिलिमीटर रुंदीच्या फळीत ओलावा चार टक्क्यांनी वाढला तर रुंदी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढू शकते. घट्ट बसणारं झाकण केलं असेल तर ते पावसाळ्यात उघडत नाही. हे मिस्त्रीला पाठ असतं, म्हणून तो फट ठेवतो. मशीनला कोणी सांगितलं तर ते ठेवेल.

‘फाइल उतरवा, बटन दाबा.’ इथे जरा थांबावं लागेल, कारण माणसं फसतात ती इथेच.

उतरवलेली फाइल म्हणजे फक्त आकार. बिट कुठून शिरणार, किती खोल, कोणत्या वेगाने, आधी कुठलं आणि मग कुठलं, यातलं त्यात काही नसतं. ते कॅम सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे बिटचा मार्ग आखणाऱ्या प्रोग्राममध्ये, आपण ठरवायचं, तेव्हा कुठे जी-कोड, म्हणजे मशीनला कळणारे हुकूम, तयार होतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे खरं; इंकस्केप आहे, फ्रीकॅड आहे. फ्युजनची वैयक्तिक वापराची मोफत आवृत्तीही आहे, पण २०२० मध्ये त्यातून जलद रिकाम्या हालचाली काढून घेतल्या, त्यामुळे बिट हवेतूनसुद्धा रमतगमत जातं.

आता त्या गणपतीचा हिशोब करू. समजा कोरायची जागा २०० बाय १५० मिलिमीटर आहे आणि शेवटचा हात ३ मिलिमीटरच्या गोल टोकाच्या बिटने मारायचा आहे. दोन फेऱ्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर ठेवलं तर १५० फेऱ्या, म्हणजे ३० मीटर प्रवास. मिनिटाला १००० मिलिमीटर वेग धरला तर अर्धा तास. छान! पण दोन फेऱ्यांमध्ये साधारण ०.०९ मिलिमीटर उंचीचे वरंबे राहतात. ते गणपतीच्या गालावर उजेडात सरळ दिसतात आणि सोंडेच्या वळणात पॉलिशपेपर पोचत नाही. तेच अंतर ०.३ मिलिमीटर केलं की वरंबे ०.०१ च्याही खाली येतात, बोटाला लागत नाहीत. फेऱ्या होतात ५००, प्रवास १०० मीटर, वेळ शंभर मिनिटं. तीही कागदावरची. एवढं छोटं मशीन चढउताराच्या नक्षीत मिनिटाला हजारचा वेग धरूनच ठेवू शकत नाही, प्रत्येक वळणावर मंदावतं. त्याआधी जाड बिटने नको असलेलं लाकूड काढायचं, ते वेगळंच. व्हिडिओ एका मिनिटाचा आहे, मूर्ती नाही.

शिवाय बिट गोल फिरतं. ३ मिलिमीटरच्या सरळ बिटने चौकोनी खाच पाडली तर आतल्या प्रत्येक कोपऱ्याला दीड मिलिमीटरची गोलाई राहणारच. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींकडे मी अशी एक खाच घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, कोपऱ्यात अंगठ्याचं नख फिरवलं, सहा मिलिमीटरची पटाशी घेतली, एकदा उभी दाबली, एकदा आडवी. भुशाचा चिमूटभर कण उडाला आणि कोपरा काटकोनात. ‘भाऊ, अजून किती आहेत?’ एवढंच विचारलं. तीन अक्षांच्या (डावं-उजवं, पुढे-मागे, वर-खाली) मशीनला हे जमत नाही आणि जमणारही नाही. वरून खाली येणाऱ्या बिटला कानामागे किंवा हाराखाली पोकळ कोरताही येत नाही. व्हिडिओतल्या मूर्तीचा हार फळीला चिकटलेला दिसतो तो त्यामुळेच.

‘झोपा, सकाळी मूर्ती तयार.’ कृपा करून झोपू नका. या मशीनमधल्या मोटरी हुकूम घेतात, उत्तर देत नाहीत. बिट गाठीत अडकून पावलं चुकली तरी कंट्रोलरला कळत नाही. तो आपल्या समजुतीप्रमाणे पुढचं सगळं सरकलेलं कोरत राहतो. तासाभराने उठून बघाल तर गणपतीचा वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा दुसरीकडे.

लाइट गेली तर? जीआरबीएल, म्हणजे अशा मशीनच्या कंट्रोलरमधला प्रोग्राम, बिटची चालू जागा लक्षात ठेवत नाही. कामाचा शून्यबिंदू जी५४ या नोंदीत ठेवला असेल तर तो मात्र जपून ठेवतं. म्हणजे मशीनला लिमिट स्विच (अक्षाचं टोक आलं हे कळवणारे) असतील आणि सुरुवातीला होमिंग, म्हणजे त्या टोकाला जाऊन जागा ठरवणं, केलं असेल तर लाइट आल्यावर पुन्हा होमिंग करून तिथूनच काम उचलता येतं. स्विच नसतील तर अर्धवट कोरलेल्या फळीवर पुन्हा नेमका तोच बिंदू डोळ्याने शोधत बसा. स्वस्तातल्या पुष्कळ मशीनांना स्विच नसतात. घेताना सगळ्यात आधी हे विचारा, बेड किती मोठा ते नंतर. लॅपटॉपने स्वतः झोपी जाऊन काम मध्येच तोडणं, हा आणखी एक नेहमीचा प्रकार.

आणि आग. बोथट बिट एकाच जागी घासत राहिलं तर लाकूड काळं पडतं, भुसा धुमसतो. ठिणगी व्हॅक्यूमच्या पिंपात गेली तर ती तिथे निवांत वाढते. म्हणून मशीन चालू असताना माणूस खोलीत हवा.

‘कुठलंही लाकूड चालतं.’ चालतं, पण प्रत्येकाचं वागणं वेगळं. सागवानात सिलिका असते, ती बिटची धार खाते. शिसव कडक, छोट्या स्पिंडलला दमवतं. पाइन मऊ, पण रेषेच्या उलट गेलात की तुसं निघतात. प्लायला वरच्या थराची चिरफाड टाळायला भुसा खाली ढकलणारं बिट लागतं, खोल खाचेला भुसा वर काढणारं.

यातली सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट वेगाची. नवा माणूस घाबरून बिट हळू चालवतो. त्याला वाटतं, हळू म्हणजे सुरक्षित. लाकडात असं होत नाही. बिटच्या प्रत्येक धारेने दर फेऱ्याला थोडं तरी लाकूड उचललं पाहिजे. स्पिंडल मिनिटाला १०,००० फेरे, दोन धारांचं बिट, सरकण्याचा वेग मिनिटाला ६०० मिलिमीटर: प्रत्येक धार ०.०३ मिलिमीटर उचलते. आता मूळचा स्पिंडल काढून तिथे ३०,००० फेऱ्यांचा ट्रिमर (एरवी हातात धरून वापरायचं कोरणी यंत्र) बसवला आणि वेग तोच ठेवला, तर वाटा ०.०१ वर आला. धार कापत नाही, घासते. घर्षणाची उष्णता भुशाबरोबर बाहेर जायची ती बिटमध्येच राहते, कडा काळ्या पडतात, धार जाते आणि मग आणखी घासतं. उपाय म्हणजे फेरे कमी करा किंवा वेग वाढवा, आणि एका वेळी खोली कमी घ्या. भुशाकडे बघा: पिठासारखा निघत असेल तर घासतंय, किसल्यासारखा निघत असेल तर कापतंय. एमडीएफला मात्र हा नियम लागू नाही, त्याचं पीठच निघतं.

‘ना धूळ, ना आवाज.’ हे लिहिणाऱ्याने मशीन पाहिलंच नसावं. आवाजाचं शेजाऱ्यांना विचारा. धुळीची गोष्ट गंभीर आहे. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि एमडीएफच्या डिंकात वापरतात त्या फॉर्मल्डिहाइडलाही ती २००४ पासून त्याच गटात धरते. बिटजवळ व्हॅक्यूमचं तोंड, तोंडावर एन-९५ आणि बंद पेटी, एवढं हवंच. बाल्कनीत मशीन आणि शेजारी वाळत घातलेले पापड, असा संसार नको.

‘महिन्याला पन्नास हजार.’ दांडिया बाजारातले एक काका, मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मला विचारत होते, ‘ग्रॅच्युइटी आलीय रे, घेऊ का?’ मी म्हटलं, ‘काका, छंदासाठी घ्या, दिवस मजेत जातील. धंद्यासाठी असेल तर आधी गिऱ्हाईक दाखवा.’ बाजारात ज्याला खप आहे ती देवघराची जाळी, पार्टिशन, दरवाज्याची नक्षी. हे काम १३२५ नावाच्या मशीनांवर होतं, १३०० बाय २५०० मिलिमीटरचा बेड, आठ बाय चारचा आख्खा शीट एकदम बसतो, आणि दर चौरस फुटावर ठरतो. ३०१८ वर ती जाळी तुकड्या-तुकड्यांत करून तुम्ही त्या दराला पोचणार नाही. घरच्या मशीनला जागा आहे ती नावाच्या पाट्या, पोळपाटावर अक्षरं, वाद्यांचे छोटे भाग, साचे अशा एकेकट्या कामांत. तिथे पैसा मशीनच्या तासांचा मिळत नाही, डिझाइनचा मिळतो. आणि देवनागरी अक्षरांची पाटी नीट करायची तर शिरोरेषा आणि वेलांट्यांचे सांधे एकजीव करून घ्यावे लागतात, नाहीतर बिट प्रत्येक सांध्यावर अक्षराच्या आत रेघ मारतं. हे काम कोणी फुकट उतरवून देत नाही.

‘आता सुताराची गरज नाही.’ आपल्या गावाला तरी हे वाक्य शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, ते चित्रकला आणि यंत्रविद्या एकाच छताखाली शिकवायला. बडोद्याहून दीडेक तासावर संखेडा आहे. तिथल्या खुर्च्या, झोपाळे आपल्या कितीतरी घरांत लग्नापासून असतील. ते सगळं काम गोल, खरादावरचं (लेथवरचं). आता खरादाला मोटर आली, हरकत नाही, खरादी आहेच. सागवानाचा गोल पाया फिरत असतो, त्यावर कथलाच्या रंगाने हाताने नक्षी काढतात, वरून लाख चढते आणि चंदेरी नक्षी सोनेरी दिसायला लागते. तीन अक्षांच्या मशीनला यात शिरायला जागा नाही. फिरता चौथा अक्ष बसवलात तर पायाचा आकार तेवढा कोरून मिळेल, आणि तो भाग खरादी पटाशी टेकवून चहा निवायच्या आत उरकतो.