बुसानचा पाऊस, चढणीवरची घरं आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार,

बुसानमधल्या आमच्या पावसाळी दिवसावरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: कोरियाला एवढा खर्च करून जायचं आणि समुद्रकाठच्या शहरातला दिवस हेउन्देचा किनारा सोडून डोंगरावरच्या गरीब वस्त्यांत आणि कबरस्तानात घालवायचा, हे काही खरं नाही. दुसऱ्यांच्या हलाखीतून छत्री घेऊन हिंडणं शोभत नाही. नवरा-बायकोच्या सहलीत १९५० चं युद्ध ओढून आणायचं कारण नव्हतं. आणि ऑक्टोबरमध्ये तुम्ही आई-वडिलांना घेऊन तिकडे जाणार आहात, त्या दृष्टीने या लेखातून तुमच्या हाती काहीच लागलं नाही.

हलाखीच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

बुसानच्या नकाशावर जे दिसत नाही ते तिथे पोचल्यावर पहिल्या तासाभरात कळतं. शहराला सपाट जमीन फार थोडी आहे. बंदर, बाजार आणि स्टेशन यांनी किनाऱ्यालगतची पट्टी व्यापलेली, आणि तिच्यामागे लगेच डोंगर. त्या डोंगरांच्या अंगावर अर्ध्या उंचीच्याही वरपर्यंत घरं चढत गेली आहेत. जून १९५० मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, युद्ध सुरू झालं आणि ऑगस्टपर्यंत दक्षिणेच्या ताब्यात जवळपास बुसानभोवतीचा कोपराच उरला. सरकार इथे आलं, सोल परत मिळाल्यावर थोडे महिने तिकडे गेलं आणि १९५१ च्या जानेवारीत पुन्हा इथे परतलं. १९५३ च्या उन्हाळ्यापर्यंत राजधानी हीच होती. माणसं तर येतच राहिली. डिसेंबर १९५० मध्ये उत्तरेतल्या हुंगनाम बंदरातून मेरेडिथ व्हिक्टरी नावाचं मालवाहू जहाज सुमारे चौदा हजार निर्वासित घेऊन निघालं. ते बुसानला पोचलं तेव्हा शहरात जागाच नव्हती, म्हणून त्याला पुढे गोजे बेटाकडे पाठवण्यात आलं. १९४९ मध्ये पाच लाखांच्या आत असलेली वस्ती १९५५ पर्यंत दहा लाखांवर गेली. खाली जागा नाही, मग वर. १९५३ मध्ये जानेवारीत गुकजे बाजाराला आणि नोव्हेंबरात स्टेशनच्या भागाला मोठ्या आगी लागल्या, आणि आणखी कितीतरी कुटुंबं चढणीवर सरकली.

आमी-दोंग या डोंगरावरच्या वस्तीत जी चढण मोकळी होती, तिथे जपानी राजवटीतलं जपानी लोकांचं कबरस्तान होतं. १९४५ मध्ये जपानी निघून गेले, थडगी राहिली. निर्वासितांनी त्यांच्यावरच तंबू ठोकले, मग पत्रे आणि फळ्या लावल्या, मग भिंती उभ्या केल्या. थडग्याभोवतीचे दगडी कठडे घराचा पाया झाले. नाव कोरलेल्या शिळा कुठे पायरी झाल्या, कुठे भिंतीत गेल्या. आजही पायरीच्या कडेला अक्षरं दिसतात. तुम्ही विचारलंत, यात बघण्यासारखं काय आहे? त्या दिवशी पाऊस नसता तर कदाचित मीही हे सगळं वाचलेली माहिती म्हणून बघून पुढे गेले असते. पण जुलैचा पाऊस होता, जांगमाचा म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा, तासन् तास थांबत नाही असा. दोन माणसं शेजारी चालू शकणार नाहीत एवढ्या गल्ल्या, दोन्ही बाजूंच्या पागोळ्या एकाच छत्रीवर, आणि पायऱ्यांवरून लोंढा खाली धावतोय. पाणी सगळीकडे होतं. फक्त जिथे तो जुना दगडी चौथरा होता, तिथे ते कडेने वळून जात होतं आणि घराचा उंबरा त्याच्या वीतभर वर कोरडा होता. कबरींवर लोक का राहिले, याचं एक उत्तर अर्थातच नाइलाज. पण उतारावर आयती सपाट केलेली, दगडाने बांधून काढलेली, पाण्यात न खचणारी जागा तीच होती, हेही एक उत्तर आहे, आणि ते मला पावसाने दाखवलं.

तिथले जुने रहिवासी त्या अनोळखी मृतांसाठी नैवेद्य ठेवत, त्यांच्या शांतीसाठी प्रार्थना करत, असं सांगितलं जातं. ज्यांच्या राजवटीने आपल्याला भरडलं, त्यांच्याच मेलेल्या माणसांना घास काढून ठेवणं! मी लेखात यावर एकच ओळ लिहिली होती. खरं म्हणजे पूर्ण लेख त्यावर लिहायला हवा.

तर मग हलाखी बघायला जाणं शोभतं का? दाराशी वाळत घातलेल्या कपड्यांचे, खिडकीतल्या माणसांचे फोटो काढत हिंडणं शोभत नाही, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. डोंगराची धार ओलांडली की पलीकडे गामचॉन लागतं. २००९ पासूनच्या कलाप्रकल्पाने ती वस्ती रंगीबेरंगी झाली आणि आज तिथे इतके पर्यटक येतात, की हळू बोला, इथे माणसं राहतात, अशा पाट्या लावाव्या लागल्या आहेत. आमी-दोंगमध्ये त्या दिवशी गर्दी नव्हती. आम्ही गल्लीत बोललो नाही, घरांचे फोटो काढले नाहीत. लेखात एकही फोटो नव्हता याबद्दल तुम्ही तक्रार केली आहे, त्याचं कारण हे. याच वस्तीत छोई मिन-शिक यांच्या छायाचित्रांचं दालन आहे. १९२८ मध्ये जन्मलेले आणि २०१३ मध्ये गेलेले हे छायाचित्रकार स्वतः उत्तरेतून आले होते आणि आयुष्यभर त्यांनी बुसानची साधी माणसं टिपली: मासळीवाल्या, हमाल, पाठीशी मूल बांधलेल्या बाया. ती छायाचित्रं बघताना नजर कशी असावी ते कळतं. तिथे जाऊन या, आणि मग सांगा.

शिवाय या वस्तीकडे तिथले लोक लाजिरवाणी गोष्ट म्हणून बघत नाहीत. युद्धकाळातल्या राजधानीच्या खुणा म्हणून बुसानने ज्या जागा युनेस्कोपुढे मांडल्या, त्या २०२३ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आल्या, आणि आमी-दोंग त्यात आहे.

आता नवरा-बायको आणि युद्ध. मला यातलं एक दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही, कारण बुसान हे ताटातूट झालेल्या जोडप्यांचं शहर होतं. शहराला यॉंगदो बेटाशी जोडणारा यॉंगदोचा पूल १९३४ चा. जहाजांसाठी त्याचा एक भाग वर उचलला जायचा, त्यामुळे त्याचं नाव दूरवर पोचलं होतं. पळापळीत हात सुटण्याआधी माणसं एकमेकांना सांगायची, बुसानला यॉंगदो पुलापाशी भेटू. मग ती तिथे येऊन उभी राहायची, महिनोन् महिने. पुलाखाली ज्योतिषी बसू लागले, कारण विचारणारे होते: माझा नवरा जिवंत आहे का, कधी येईल? १९६६ मध्ये पूल उचलणं बंद झालं, २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं. आम्ही दोघं त्याच्यावरून चालत गेलो तेव्हा धुक्यात पलीकडचं टोक दिसत नव्हतं. नवरा दहा पावलं पुढे गेला होता आणि मी त्याला हाक मारली. लेखातला हा प्रसंग तुम्हाला भावनेचा अतिरेक वाटला. मला नाही वाटत. त्या पुलावर मला तेच सुचलं आणि तेच लिहिलं.

बोसू-दोंगमधली जुन्या पुस्तकांची गल्लीही एका जोडप्यानेच सुरू केली. उत्तरेतून आलेल्या नवरा-बायकोने युद्धाच्या दिवसांत एका घराच्या वळचणीखाली पेटी मांडली आणि अमेरिकन सैनिकांनी टाकलेली मासिकं, जुनी पुस्तकं विकायला ठेवली. आज ती अख्खी गल्ली आहे. पाऊस आला की दुकानदार बाहेरच्या थप्प्यांवर प्लास्टिक ओढतात आणि आत ओल्या कागदाचा वास दाटतो. तासभर आम्ही तिथेच होतो. कोरियन एक अक्षर वाचता येत नसताना!

कबरस्तानाबद्दल तुम्ही लिहिलंत, "आपल्याला त्याचं काय?" दैयॉन-दोंगमधलं संयुक्त राष्ट्रांचं स्मृतिस्थळ १९५१ चं आहे, तिथे सुमारे तेवीसशे सैनिक पुरलेले आहेत. आणि आपला संबंध आहे. भारताने या युद्धात लढायला सैन्य पाठवलं नाही, डॉक्टर पाठवले. ६० वं पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर १९५० मध्ये याच बुसान बंदरात उतरलं. सुमारे साडेतीनशे माणसं, ऐन हिवाळ्यात. मार्च १९५१ मध्ये त्यांच्यातले काही जण अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसानला विमानातून उड्या टाकून उतरले आणि जखमींवर उपचार केले. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. आपल्याकडे हे किती जणांना माहीत आहे? बुसानला जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने तिथे अर्धा तास तरी थांबावं असं मला मनापासून वाटतं.

हेउन्दे चांगलंच आहे. ऊन असेल तेव्हा जरूर जा.

आता तुमच्या ऑक्टोबरबद्दल. त्या महिन्यात पाऊस बराच कमी असतो आणि हवा चालायला छान. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर छोर्यांग भागातला १६८ पायऱ्यांचा जिना वरूनच बघा. त्याच्या पायथ्याशी विहीर होती आणि वरच्या घरांतल्या बाया पाणी भरून तो जिना चढायच्या, एवढं त्यांना सांगितलंत तरी पुरे. आमी-दोंगसाठी तोसॉंग मेट्रो स्टेशनवर उतरून डोंगरावर जाणारी छोटी बस घ्या. ती थेट वर सोडते, मग छायाचित्रांचं दालन आणि रस्त्यालगतची दोन-चार घरं चढ न चढता बघता येतात. राष्ट्राध्यक्षांचं युद्धकाळातलं लाल विटांचं निवासस्थान त्याच स्टेशनपासून जवळ आहे, फक्त सोमवारी बंद असतं. स्मृतिस्थळ सपाट आहे, त्यांना काही त्रास होणार नाही.

जेवणाचं म्हणाल तर मिलम्यॉन (गव्हाच्या थंड शेवया) हवंच. निर्वासितांना त्यांच्या गावाकडच्या थंड शेवयांसाठी लागणारं बकव्हीटचं पीठ मिळेना, तेव्हा मदतीत आलेल्या गव्हाच्या पिठापासून ते जन्माला आलं. पण त्याचा रस्सा मांसाचा असतो. दोंगने भागातल्या पाजॉनमध्ये, म्हणजे तिथल्या धिरड्यात, कांद्याच्या पातीबरोबर शिंपल्या-कालवं पडतात. आपण पावसात भजी तळतो तसे तिथले लोक पावसात पाजॉन खातात, सोबत माकॉली ही तांदळाची दारू. आई-वडील शाकाहारी असतील तर बीबिमबाप (भात आणि भाज्यांचा वाडगा) मांसाशिवाय मागा, आणि तिखट मसाल्यात मांस आहे का तेही आधी विचारा. किती दिवस आहात आणि कुठे उतरणार आहात ते इथेच कळवलंत, तर बसचे क्रमांक तपासून लिहीन.