शॉर्टकट नेमण्याची शास्त्रोक्त पद्धत

चित्रं काढायचं किंवा पानं जुळवायचं सॉफ्टवेअर बनवण्याचा तुमचा बेत असेल, तर आधी अभिनंदन. चित्रं कशी काढतात हे तुम्हाला ठाऊक नसेल तर फारच उत्तम, हात मोकळे राहतात. शॉर्टकट नेमताना मात्र थोडं शास्त्र पाळावं लागतं. ते मी सांगतो. अनुभव ताजा आहे, परवाच्या रात्रीचा.

सगळ्यात आधी कंट्रोल-क्यू. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जी बटणं माणूस दिवसातून पन्नासदा दाबतो, तीच आपल्याकडे गाशा गुंडाळायला ठेवावीत.

बडोद्याच्या रावपुऱ्यात माझं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, फ्लेक्स, जे येईल ते. वीस वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर बसलो, त्यात कंट्रोल-क्यू म्हणजे अक्षरांचे कर्व्ह करणं, म्हणजे अक्षरांचं रेषांच्या चित्रात रूपांतर, मग फॉन्ट लागत नाही. आपला मराठी फॉन्ट प्रेसवाल्याकडे असेलच असं नाही. कर्व्ह न करता फाईल पाठवली तर 'श्री'च्या जागी चौकोन छापून येतात आणि वरपक्ष दारात उभा राहतो. त्यामुळे काम संपलं की कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू. झोपेतसुद्धा. परवा दांडिया बाजारातल्या एका मंडळाचा गणपतीचा बॅनर होता, आणि मोठ्या देणगीदाराचा लोगो दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडत होता, म्हणून अख्खं काम त्यात घेतलं. त्यात कंट्रोल-क्यू म्हणजे राम राम, निघालो.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा त्याने विचारलं, सेव्ह करायचं का? केलं. परत उघडलं, फॉन्ट लोड होईपर्यंत चहा झाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा काका (मंडळाचे खजिनदार, शेजारी खुर्ची टाकून बसलेले) म्हणाले, "अरे, तू सारखं बंद का करतोस?" काय सांगणार! रात्री साडेअकराला प्रेसवाल्याचा फोन, "भाई, केटली वार?" मी म्हटलं, "कर्व्ह करतोय, पाच मिनिटं." कंट्रोल-ए, कंट्रोल-क्यू. चौकट आली. दिवसभर इतक्या चौकटी येतात की वाचतो कोण? बोट 'नो'वर पडलं. त्रेचाळीस देणगीदारांची नावं, त्यांच्या मानपानाच्या क्रमाने लावलेली, गेली. बोट माझंच, मान्य. पण पुढच्या दाराची कडी आणि गॅसचा नळ एकाच जागी बसवणाऱ्या सुताराला कोणी काहीच म्हणायचं नाही का?

तर, क्यूचं असं आहे.

बरं, कंट्रोल-डी तीन ठिकाणी तीन प्रकारचं असावं. एकात नक्कल काढणारं, दुसऱ्यात मागची हालचाल पुन्हा करणारं, तिसऱ्यात निवडलेलं सोडून देणारं. माणूस सावध राहतो.

रोजच्या कामाला कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि वर एक अक्षर अशी चार बटणं द्यावीत. उजवा हात माऊसवर असतो, हे लक्षात घेऊ नये.

महत्त्वाची कामं एफ-पाच, एफ-दहावर टाकावीत. लॅपटॉपवर ती दाबली की आवाज वाढतो. करमणूक होते.

मागे फिरण्याची सोय देताना घाई करू नका. फोटोशॉपमध्ये १९९८ साली हिस्टरी नावाचं पॅनल आलं, पण कंट्रोल-झेड एकच पायरी मागे जायचं, पुन्हा दाबलं की तीच पायरी पुढे. आणखी मागे जायला मध्ये आल्ट घालायचं. वीस वर्षं लोकांनी ते बोटांत मुरवलं आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ते बदलून इतरांसारखं केलं. बरोबरच केलं हो, पण आमच्या बोटांना कोण सांगणार?

आता भाषेचं. एका अक्षराची अवजारं ठेवा. व्ही दाबलं की बाण, टी दाबलं की मजकूर. सोपं वाटतं ना? आमच्या बडोद्यात एका बॅनरवर तीन भाषा असतात. मराठी मंडळासाठी, गुजराती देणगीदारांसाठी, इंग्रजी त्यांच्या मुलांसाठी. विंडोजमध्ये डावं आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून भाषा बदलते. आणि चित्र सरळ रेषेत ओढून त्याची नक्कल काढायलाही आल्ट आणि शिफ्टच. मोदकांची झालर करताना मी किती वेळा गुजरातीत गेलो आणि मराठीत आलो, मोजलं नाही. आणि मराठी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या कीबोर्डवरच्या अक्षरमांडणीत, व्हीच्या बटणावर 'न' असतो.

'गणपती बाप्पा मोरया' टाईप केलं, बाण घ्यायला व्ही दाबलं, कर्सर अजून मजकुरातच होता. नावं दुसऱ्यांदा भरून रात्री दोनला फाईल गेली. काकांनी चष्मा लावून तपासली होती, मीही. सकाळी वीस फुटी फ्लेक्स कोपऱ्यावर चढला: 'गणपती बाप्पा मोरयान'. शाळेत जाणारा एक पोरगा आईला विचारत होता, चांद्रयानासारखं मोरयान कधी सोडणार म्हणून.

खरं सांगू? या इन्स्क्रिप्टला मी आजवर कधी शिव्या दिल्या नाहीत. सरकारी काम आहे, १९८६ सालचं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि मराठीचा क जिथे, तिथेच गुजरातीचा क, तिथेच बंगालीचाही. एक शिकलं की बाकीची बोटांना फुकट येतात. लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सोबत्यांनी झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकात कट-कॉपी-पेस्ट घडवलं. पुढे १९८३ च्या ॲपलच्या लिसा या संगणकावर उलटव, काप, उचल, चिकटव ही चारही कामं झेड, एक्स, सी, व्ही अशी शेजारी-शेजारी बसली, डाव्या हाताच्या खालच्या ओळीत. आज चाळीस वर्षं झाली, माझी आईसुद्धा फोनला कीबोर्ड जोडून ती वापरते. म्हणजे जमतं. सरकारला जमलं, लिसावाल्यांना जमलं. तुम्हालाच काय धाड भरली आहे?

वर्षाच्या वर्षाला पैसे मोजून घेता आमच्याकडून. दर आवृत्तीत कसलीतरी जादूची कांडी नवीन घालता, जिला हात लावायला मला फुरसत नाही. आणि कंट्रोल-डब्ल्यूला एक फाईल बंद, त्याच्या अगदी शेजारच्या क्यूला सगळंच बंद, हे तुमच्यातल्या एकालाही खटकत नाही? दुकानात येऊन बसला आहात कधी, गणपतीच्या आदल्या रात्री, काका शेजारी असताना? 'हवं तर शॉर्टकट बदलून घ्या, सेटिंगमध्ये सोय आहे' असं मला सांगू नका. मी बदलले आहेत. मशीन फॉर्मेट झालं की ते जातात, आणि प्रेसवाल्याच्या मशीनवर बसलो की माझे शॉर्टकट तिथे कुठले असणार? माझ्या घराची कडी मी बदलेन हो, सगळ्या गावाची कशी बदलू?

काकांनी 'न'वर भगवी चिकटपट्टी लावली आहे. पाऊस आला की ती सुटते. मग मला फोन येतो, आणि शिडी घेऊन मी जातो. तुमच्यापैकी कोणी येतं का? नाही ना? मग निदान तो क्यू तिथून हलवा.