‘वरचा द्रव काढा, झाला प्लाझ्मा’ : इतकं सोपं नाही

प्रयोगशाळांत नवख्यांच्या हाती एक कृती सर्रास पडते : प्राण्याचं रक्त कुठल्याही गोठणरोधक नळीत घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) १० मिनिटं फिरवा, वरचा द्रव, म्हणजे प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव), फ्रीझरमध्ये टाका, सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) संपलं तर हाच वापरा. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्याजोगं नाही.

‘कुठलीही नळी.’ नळी ठरते पुढच्या तपासणीवरून. ईडीटीए हे गोठणरोधक कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम उगाच कमी दिसतात. हेपरिन हे दुसरं गोठणरोधक पीसीआर (डीएनएच्या प्रती बनवून करायची चाचणी) बिघडवतं. गोठण्याच्या चाचण्यांसाठी ३.२ टक्के सायट्रेट, १ भागाला ९ भाग रक्त. इथला हिशेब बहुतेकांच्या नजरेतून सुटतो : हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ४० टक्के असेल तर ९ मिली रक्तात प्लाझ्मा ५.४ मिली, वर १ मिली सायट्रेट, म्हणजे प्रत्येक घटक सुमारे १६ टक्क्यांनी पातळ. नळी अर्धवट भरली तर त्याहून जास्त.

‘३००० आरपीएम.’ रोटरची त्रिज्या माहीत नसेल तर हा आकडा निरुपयोगी. १० सेंमीला तो साधारण १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १००० पट) होतो, १६ सेंमीला १६००. जोर कमी पडला की प्लेटलेट्स द्रवातच राहतात, फ्रीझरमध्ये गोठवताना फुटतात आणि पोटातलं सगळं प्लाझ्मात ओततात. १५०० जीला १५ मिनिटं फिरवा, बफी कोटवर (लाल पेशींवरचा पांढऱ्या पेशींचा पातळ थर) थोडा द्रव सोडून बाकीचा पिपेटनं उचला आणि नव्या नळीत पुन्हा फिरवा.

‘सीरमऐवजी चालतो.’ पेशीसंवर्धनात तरी नाही. फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी बनवणारं प्रथिन) अजून त्यातच आहे; सायट्रेटचा प्लाझ्मा कॅल्शियमयुक्त मीडियात (पेशी वाढवायच्या द्रवात) पडला की फ्लास्कमध्ये जेली व्हायला वेळ लागत नाही. मग शिव्या खातो बिचारा मीडिया.

फ्रीझर म्हणजे उणे ८० अंश, आणि ०.५ मिलीचे भाग करून. वितळवायचा ३७ अंशांच्या पाण्यात, हलवत. ४ अंशांना सावकाश वितळवला तर तळाशी साका बसतो. तो फेकलात तर फॅक्टर ८ (गोठण्याला लागणारं प्रथिन) आणि बरंचसं फायब्रिनोजेनही गेलं. साठवणुकीत कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो, त्यामुळे औषधाचं प्रथिनांशी बंधन मोजण्याआधी तो ७.४ वर आणावा लागतो.

आणि ‘प्राण्याचं’ म्हणजे कुणाचं? उंदीर आणि ससा यांच्या प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेज (एस्टर तोडणारं एन्झाइम) असतं, माणसाच्या नसतं. उंदराच्या प्लाझ्मात एस्टर प्रोड्रग (तुटल्यावरच औषध बनणारं संयुग) झटपट तुटलं, म्हणून माणसाच्या रक्तातही तसंच तुटेल असं धरता येत नाही.