पाटी लावली म्हणून मालक सुटत नाही

मोबाइलवर सध्या एक निरोप फिरतोय: "दारावर 'आपापल्या जबाबदारीवर आत या' अशी पाटी लावा, आवारात कुणी पडलं-झडलं तरी कायदा तुम्हाला हात लावू शकत नाही. न विचारता घुसलेल्याचा तर प्रश्नच नाही. आणि जागा भाड्याने दिली असेल तर सगळं भाडेकरूच्या डोक्यावर." पुढे पाठवणाऱ्यांत सोसायट्यांचे पदाधिकारीही दिसतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

पाटीपासून सुरू करू. जागा ताब्यात असणाऱ्याच्या जबाबदारीबद्दलच्या इंग्लंड आणि वेल्सच्या 1957 च्या कायद्यात कसोटी अशी आहे: इशारा वाचल्यावर येणारा माणूस वाजवी प्रमाणात सुरक्षित राहू शकत होता का? 'जिना तुटलाय, मागच्या दाराने या' या पाटीने राहू शकतो. आत शिरायला तेवढा एकच जिना असेल आणि वर नुसतं 'सावधान' लिहिलं असेल, तर त्या बिचाऱ्याने करायचं काय? शिवाय तिथल्या 1977 च्या कायद्यानुसार धंद्याच्या जागेत निष्काळजीपणामुळे कुणी मेलं किंवा जखमी झालं, तर ती जबाबदारी पाटी लावून टाळताच येत नाही.

मुलांचं काय? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सार्वजनिक बागेत सात वर्षांच्या एका मुलाने बेलाडोनाची विषारी फळं खाल्ली आणि तो दगावला. मुलाला मोह पडेल अशी वस्तू त्याच्या हाताशी ठेवायची आणि त्याला कळेल असा इशाराही द्यायचा नाही, हे दाव्याला पुरेसं कारण आहे, असं 1922 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, मानलं.

भारतात मालकाच्या अशा जबाबदारीसाठी वेगळा कायदा नाही. निष्काळजीपणाची सर्वसाधारण तत्त्वंच इथे लागू होतात, पण म्हणून मालकाला मोकळं रान मिळत नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा 1951 मध्ये कोसळून माणसं मेली. मनोरा सुमारे 80 वर्षांचा, आणि तशा बांधकामाचं आयुष्य 40-45 वर्षांचं. रस्त्यालगतची वास्तू धड ठेवणं हे मालकाचं काम आहे, दोष वरवर दिसत नव्हता हे कारण चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये महापालिकेला सुनावलं.

आता न विचारता घुसलेला माणूस. त्याच्यासाठी काळजीचं माप कमी आहे, हे खरंच. पण निरोपाच्या लेखकाला बहुधा सापळेही चालत असावेत. बिहारमधल्या एकाने आपल्या संडासात परक्यांनी येऊ नये म्हणून उघड्या तारेत वीज सोडली. इशारा काहीच नाही. आत गेलेली बाई मेली. घुसखोर झाला म्हणून तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये तार लावणाऱ्याची शिक्षा कायम ठेवली. तो भरपाईचा दावा नव्हता, फौजदारी खटला होता! अमेरिकेतल्या आयोवाचा किस्सा तर याहून बोलका. रिकाम्या घरात जुन्या बाटल्या चोरायला शिरलेल्याच्या पायाला दार उघडताच सुटेल अशी बांधून ठेवलेल्या बंदुकीची गोळी लागली. 1971 मध्ये न्यायालयाने त्या चोराची 30,000 डॉलरची भरपाई कायम ठेवली.

भाडेकरूचा मुद्दा लवकर आटपतो. न्यायालय ताबा कुणाचा आहे ते बघतं, आणि एकाच जागेचा ताबा दोघांकडेही असू शकतो. सामायिक जिना, लिफ्ट, गच्ची मालकाच्याच हातात असेल, तर भाडेकराराच्या कागदाने ती जबाबदारी भाडेकरूकडे जात नाही.

उलट टोकही तितकंच चुकीचं आहे: 'पडलो, म्हणजे पैसे मिळणारच.' इंग्लंडमधल्या एका उद्यानात 18 वर्षांच्या मुलाने उथळ तळ्यात सूर मारला आणि मान मोडून घेतली. भरपाईचा दावा तो 2003 मध्ये हरला. धोका उघड होता आणि तो त्याने आपणहून पत्करला होता. ही केस मला नेहमी कठोर वाटते, पण बरोबर वाटते.

मालकाचं खरं नशीब ठरतं ते रोजच्या देखभालीवर. इंग्लंडमधल्याच एका सुपरमार्केटमध्ये सांडलेल्या दह्यावरून एक बाई घसरल्या. दुकानाचं म्हणणं, फरशी दिवसातून पाच-सहा वेळा झाडतो. पण त्या वेळी दही किती वेळ तसंच पडून होतं, हे दुकानाला सांगता येईना, आणि 1976 मध्ये निकाल बाईंच्या बाजूने लागला. बाईंनी आणखी एक साक्ष दिली होती: तीन आठवड्यांनी त्या पुन्हा तिथे गेल्या, तेव्हा सांडलेलं संत्र्याचं सरबत पंधरा मिनिटं कुणीही पुसलं नव्हतं.