‘लाड’ कसले?

ब्रिटनमध्ये पगडी घालणाऱ्या शीख कामगारांना हेल्मेटमधून जी सूट आहे तिला नुकत्याच वाचलेल्या एका लेखात ‘लाड’ म्हटलंय. नाही पटलं. १९८९ च्या कायद्यात ही सूट फक्त बांधकामाच्या साइटपुरती होती, २०१५ मध्ये ती इतर बहुतेक कामांच्या ठिकाणीही लागू झाली. पण लेखात सोयीस्करपणे गाळलेली गोष्ट अशी, की हेल्मेट नसल्यामुळे जेवढी जास्तीची इजा होईल तिची भरपाई मालकाकडून मागता येत नाही. जोखीम कामगाराच्याच डोक्यावर, अगदी शब्दशः.

शिवाय सूट डोक्यापुरतीच. मास्कला नाही. मी केमिकल कारखान्यात सेफ्टीत बरीच वर्षं काढली, आमची खरी डोकेदुखी दाढीच होती. रबरी मास्क गालाला घट्ट टेकला नाही की वायू फटीतून आत शिरतो. त्याला दाढी धर्माची की फॅशनची, काय कळतंय! (श्रावण लागला की अर्धी शिफ्ट दाढीवाली व्हायची, तेव्हा कोणाला ‘लाड’ आठवायचे नाहीत.) यावर पंख्यानं गाळलेली हवा सोडणारा सैल हूड मिळतो, तो दाढीवर चालतो. महाग असतो, बॅटरी सांभाळावी लागते. आमच्या साहेबांनी दोनदा फाइल परत पाठवली, तिसऱ्यांदा दोन नग आले. त्यातला एक बिनदाढीवाल्यानंच पळवला, चष्म्यावर वाफ येत नाही म्हणून.