किल्ल्यावर कुणाला बसवायचं

सकाळी साडेसहाला फोन वाजला की माझ्या छातीत अजून धस्स होतं. गावाकडं सगळे बरे असतील ना, हा पहिला विचार. या वेळी सगळे बरे होते. नुसते भांडत होते.

चुलतभावाचा चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज. बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या मंडळाकडं गणपतीतली थोडी वर्गणी उरली. दिवाळीतल्या किल्ला स्पर्धेला यंदा स्टीलचे डबे नकोत, पोरांना पुस्तकं द्यायची, लढायांची, शूरवीरांची, असं ठरलं. इथवर कुणाचीच हरकत नव्हती. मग यादी निघाली आणि तीन तट पडले. एकाचं म्हणणं, शिवचरित्राशिवाय दुसरं काही नको. दुसऱ्याचं, गल्लीत आता कन्नड घरांतली पोरंही किल्ला करतात, तेव्हा इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णावरचं एखादं असू दे. तिसऱ्यानं एका पुस्तकात बेळवडीच्या मल्लम्माचं प्रकरण बघितलं आणि ती पानं फाडा, नाही तर ते पुस्तकच नको, असा हेका धरला. "महाराजांना एका बाईनं अडवलं म्हणून आमच्या पोरांनी वाचायचं काय?" शेवटी भाऊ म्हणाला, "अक्का, तुला काय वाटतंय सांग. तुमचं काय बा, तिथं बसून सांगायला सोपं."

त्या शेवटच्या वाक्यावर मी इथं हॉलंडमध्ये, आइंडहोवनच्या सायकलट्रॅकवर, उलट्या वाऱ्यात, पंचवीस मिनिटं एकटीच भांडत ऑफिस गाठलं.

नुकताच किंडरबुकेनवेक, म्हणजे इथला मुलांच्या पुस्तकांचा आठवडा झाला. मुलगा यंदा ग्रूप ७ मध्ये आहे, बिबमधून, म्हणजे वाचनालयातून, पाच पुस्तकं घेऊन आला, त्यातली दोन लढाईची. एकात फळीखाली लपलेली मुलगी आहे, तिला खोकला येतो आणि ती तो दाबते, एवढीच गोष्ट. दुसऱ्यात एक सैनिक आहे आणि तो भितो. शेवटपर्यंत भितोच. कुणाचा पुतळा नाही, जयजयकार नाही. काउंटरवरच्या बाईनं विचारलं ते इतकंच, की याचा पहिला भाग वाचलास का. हे मी भावाला लिहिलं. जरा चढ्या सुरात लिहिलं, हे कबूल करते.

मग बार्लेचं लिहिलं, कारण आम्ही बेळगावची माणसं हद्दीचा विषय सोडून किती वेळ राहणार? आम्ही रविवारी कधी कधी बार्लेला जातो. तिथं दोन देशांची हद्द दुकानांतून, अंगणांतून जाते. बेल्जियमचे २२ तुकडे, त्यांच्या पोटात पुन्हा हॉलंडचे ७. घराचं पुढचं दार ज्या देशात उघडतं, त्या देशाचं घर. पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेलं, हॉलंड तटस्थ राहिलं आणि १९१५ साली जर्मनांनी या हद्दीवर दोन हजार व्होल्टची तार ओढली. बार्लेतले बेल्जियन तुकडे मात्र चारी बाजूंनी डच जमिनीत, त्यामुळं जर्मनांना तिथं पाऊल टाकता आलं नाही. तारेखालून बिनबुडाचं लाकडी पिंप सरकवून त्यातून माणसं कशी पार होत, हे माझा मुलगा हातवारे करून सांगतो. त्याला दुसऱ्यांच्या हद्दीची गोष्ट तोंडपाठ आहे. आमच्या हद्दीविषयी त्याला ठाऊक असलेली गोष्ट एकच, की आजीकडं जाताना एकदा कोगनोळीच्या नाक्यावर बस तीन तास उभी होती आणि आईनं त्याला बाथरूमला जाऊ दिलं नाही.

भावाला मी एक गोष्ट मात्र लिहिली नाही. बार्लेच्या दक्षिणेला बेल्जियममध्ये लूव्हन आहे. तिथलं जुनं विद्यापीठ १९६८ साली भाषेवरून दुभंगलं आणि पुढं ग्रंथालयही वाटून घेतलं. एकाच ग्रंथमालेतले विषम क्रमांक एकाकडं, सम क्रमांक दुसऱ्याकडं. आमच्या मंडळातला तिसरा गडी परवडला, तो निदान एकाच प्रकरणावर थांबलाय. हे लिहिलं असतं तर माझा मुद्दा लंगडा पडला असता, म्हणून नाही लिहिलं.

पण मल्लम्माच्या पानांबद्दल मी मागं हटणार नाही. सगळ्या यादीत पोरांच्या हाती द्यावीत अशी तीच तर पानं आहेत! १६७८ साली महाराज दक्षिणेतून परत येताना बैलहोंगलजवळच्या या बारक्या गढीपाशी अडकले. बैलांवरून तिढा सुरू झाला, देसाई पडला, त्याची बायको लढत राहिली. जिंजी घेऊन आलेली फौज एका गढीपुढं जवळजवळ महिनाभर. इंग्रजांनी वखारीतल्या पत्रात ते खवचटपणे लिहून ठेवलंय, की मोगलांनी केली नाही एवढी नामुष्की या एका देसाईणीनं केली. गढी पडल्यावर तिच्याशी गैर वागलेल्या सरदाराला महाराजांनी कडक शिक्षा दिली आणि तिला तिचा मुलूख परत दिला, असं सांगतात. धारवाडजवळ यादवाडला एक शिल्प आहे, त्यात महाराजांच्या मांडीवर तिचं मूल आहे, असं तिथली माणसं दाखवतात. आता सांगा, हे पान फाडून महाराज मोठे होतात की लहान? आणि पोरांचं पान फाडाल, इंग्रजांचं पत्र कुठं जाऊन फाडणार?

रायण्णाचंही तेच. नंदगडला माझी मावशी दिली होती. मे महिन्यात तिच्याकडं जाऊन राहायचं, काजूच्या बिया भाजायच्या, बोटं पोळून घ्यायची. त्या गावाबाहेर २६ जानेवारी १८३१ ला एका माणसाला फाशी दिलं, हे मला कुणी सांगितलं नाही. शाळेत कित्तूर चन्नम्मा होती, १८२४ साली तिच्या माणसांनी थॅकरे नावाचा कलेक्टर मारला, पाच मार्कांची टीप. चन्नम्मा कैदेत पडल्यावर तिचा शिपाई रायण्णा खानापूरच्या रानात शिरला, कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले, रात्री मारा आणि दिवसा गायब. याला आपल्या भाषेत गनिमी कावा म्हणतात, आणि तो शब्द आमच्या पोरांना दुसरीतच येतो. तरी रायण्णाविषयी मी पहिल्यांदा नीट वाचलं ते पुतळ्यांच्या भांडणात. डिसेंबर २०२१. बंगळूरला महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली, बेळगावात रायण्णाच्या पुतळ्याची नासधूस झाली, आणि मी इथं बाहेर बर्फ पडत असताना फोनवर शोधत होते की हा रायण्णा मुळात कोण.

आता कुणीतरी म्हणणार, अक्का बदलली, तिकडची झाली, त्यांची बाजू घ्यायलीय. अहो, १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून बाबांचं बोट धरून फेरीत चाललेली मुलगी आहे मी. सातबाऱ्याचा उतारा कन्नडमध्ये आला की आजी तो शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची आणि घरी येऊन गप्प बसायची, ते मी बघितलंय. बेळगावी असं लिहिताना माझा हात आजही अडतो. पण मराठी टिकवायची म्हणजे पोरांना शेजाऱ्याची गोष्ट सांगायची नाही, हे कुठलं गणित?

आणि खरा राग तर पुढंच आहे. भावानं यादीचा फोटो पाठवला. चौदा पुस्तकं. त्यात पानिपत आहे, पावनखिंड आहे, अगदी नेपोलियन आहे. पलटण नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आम्ही कॅम्पातल्या बिगुलावर घड्याळ लावून मोठे झालो, निम्म्या गल्लीला कुणाचं ना कुणाचं पेन्शन येतं, आणि पोरांच्या यादीत पलटणीवर एक ओळ नाही. जंगी पलटण १७६८ ची. इराकमधल्या कूतच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मराठ्यांच्या पलटणी उपाशी बसल्या होत्या, घोड्याचं मांस खायचं की नाही यावर आतल्या आत झुरत होत्या. पुस्तकातली लढाई म्हणजे तलवार आणि उडी. पाच महिने बसून भूक मोजणं हीही लढाईच, हे पोरांना कोण सांगणार? यशवंत घाडगे, २२ वर्षांचा, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनवर धावून गेला आणि तिथंच पडला. त्याची कबरसुद्धा नाही, तिथल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव तेवढं आहे. नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर, कंपनीचा रनर म्हणजे निरोप्या, दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून उचलून आणतो, हात निकामी झाला तरी परत जातो आणि बंधाऱ्यावर चढून आरोळी ठोकतो. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ साली घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलं. इटलीतल्या गावाला आठवण आहे. पलटणीच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या गल्लीला नाही.

इथं लिंबर्गमध्ये मारख्रातनला अमेरिकन सैनिकांच्या ८,३०० च्या आसपास कबरी आहेत आणि एकेका कबरीला एकेक डच कुटुंब फुलं वाहतं. मुलाच्या वर्गातल्या एका घराकडंही एक आहे. हे भावाला मोठ्या दिमाखात लिहिलं, तेव्हा त्याचा उलटा निरोप आला: "आणि आज्याचं तू काय केलीस?"

आजोबा जंगी पलटणीत होते. इटलीत. मला ठाऊक असलेली त्यांची सगळी लढाई एका वाक्यात मावते: "चिखुल, आणि खेचरं." पाऊस लागला की म्हणायचे, हा काय पाऊस, आणि पुढं बोलायचे नाहीत. एका माणसानं त्यांना उकडलेली कांदेपात दिली होती, त्याला ते कायम 'तो म्हातारा' म्हणायचे. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते, विचारायला पुरेशी मोठी होते. विचारलं नाही. त्या वर्षी माझं लक्ष जीआरईवर होतं.

मुलाचा सप्टेंबरात स्प्रेकबर्ट होता, म्हणजे वर्गापुढचं भाषण. १८ सप्टेंबर १९४४, आइंडहोवनची मुक्ती, वर्गात निम्म्यांचा तोच विषय. मी म्हटलं, तू वेगळं कर, तुझ्या पणजोबांवर बोल. त्यानं वही उघडली आणि डचमध्ये पहिला प्रश्न विचारला, ते कोणत्या बाजूनं होते? इंग्रजांच्या, म्हटलं. पण इंग्रज तर तुमच्यावर राज्य करत होते ना? हो. मग ते इटलीला कुणाला सोडवायला गेले? मी भांडी लावायला घेतली. थोड्या वेळानं दुसरा प्रश्न, ते कुठले, कर्नाटकचे की महाराष्ट्राचे? दोन्ही नव्हते रे तेव्हा. मुंबई इलाख्यातून लढाईला गेले, १९५६ नंतर म्हैसूर राज्यात पेन्शन खाल्लं, कर्नाटकात वारले, घर तेच, दारातली तुळस तीच. त्यानं वही मिटली. वर्गात लिख्चेसरूटवर, म्हणजे मुक्तीच्या आठवणीत शहरभर लावतात त्या दिव्यांवर बोलला, चांगले गुण मिळाले.

आता जे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ते सांगते. ४ मेला, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी, रात्री आठ वाजता इथली आमची गल्ली गप्प होते, बससुद्धा थांबते, आणि माझ्या अंगावर दरवर्षी काटा येतो. पण याच देशानं १९४५ ते ४९ इंडोनेशियात लढाई केली आणि तिला कित्येक वर्षं 'पोलीस कारवाई' म्हटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये संशोधकांचा अहवाल आला तेव्हा कुठं पंतप्रधानांनी माफी मागितली. तोवर पानं इथंही नव्हतीच. फाडली नव्हती, लिहिलीच नव्हती. आमच्या शेजारच्या आजींचे वडील तिथं होते. त्यांची पेटी माळ्यावर आहे, कुणी उघडलेली नाही, हे त्या मला कॉफी ओतता ओतता सांगतात, पावसाचं सांगावं तसं.

२०१९ च्या सुट्टीत आम्ही आंबोलीवरून वेंगुर्ल्याला गेलो होतो. डच वखारीचे पडके वासे बघायला मीच हौसेनं नेलं. याच वखारीतून महाराजांच्या हालचालींच्या बातम्या वरच्या साहेबांना जात, हे मुलाला सांगितलं. तो तेव्हा पाच वर्षांचा. भिंतीवर हात ठेवून म्हणाला, हे आपलं आहे. मी खूश होऊन विचारलं, आपलं म्हणजे? तर म्हणाला, हॉलंडचं. सासरे हसले, मीही हसले. परतीच्या गाडीत सावंतवाडी मागं पडली तरी ते हसू माझ्या तोंडावर तसंच चिकटून होतं.

भावाला काल रात्री पुन्हा लिहिलं. मल्लम्मा ठेवा, रायण्णा ठेवा, पलटणीवर काही सापडलं तर माझे पैसे घाला, आणि काकीच्या ट्रंकेत आजोबांचं डिस्चार्ज बुक आहे का बघ. आज उत्तर आलं. मंडळाची बैठक तहकूब. अनगोळहून माती आणलीय, पोरांनी तटबंदी घातली, अळीव पेरलाय. ट्रंक काकीनं दोन वर्षांपूर्वी भंगारात दिली, आतले कागद कुठं गेले तिला आठवत नाही. खाली एक फोटो होता: अर्धा किल्ला, वर महाराज अजून बसवलेले नाहीत, आणि चिखलानं भरलेले पाचसहा हात. कुठले मराठी, कुठले कन्नड, ओळखू आलं नाही.

मग त्यानं विचारलं, "अक्का, एक पुस्तक तुझ्या लेकालाही पाठवू काय? मराठी वाचतोय न्हवं तो?"

मी लिहिलं, "पाठव. मोठ्या अक्षरांचं असलं तर बघ."