त्या अंधारात ढोलकी मी वाजवत होतो

आमच्या ऑर्केस्ट्रात अठरा वर्षं गाणाऱ्या ताईनं गेल्या गणपतीपासून कार्यक्रमांची सुपारी घेणं बंद केलंय. आता ती फक्त चर्चमध्ये गाते. मिरजेत बातमी फुटल्यापासून रोज कुणीतरी गाडी आडवी घालून विचारतं, "का रं, बाईचं डोकं फिरलं का?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तिनं धर्मबिर्म बदललेला नाही. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं दवाखाना काढला, त्याच्या आसऱ्यानं राहिलेल्या जुन्या ख्रिस्ती घरांपैकी तिचं एक. आजी नर्स होती. तेव्हा ग्रुपवर 'कुणी फूस लावली' लिहिणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पैशाचं म्हणाल तर एका रात्रीच्या सुपारीत घरचं महिन्याचं वाणसामान यायचं, आता चर्चमध्ये चहा आणि केक मिळतो.

माझं भांडण वेगळंच आहे. एका रविवारी उपासनेत तिनं साक्ष दिली, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपला देवाचा अनुभव सांगितला. म्हणाली, "इतकी वर्षं मी अंधारात गात होते." मी मागच्या बाकावर बसलो होतो. अहो, त्या अंधारात ढोलकी मी वाजवत होतो!

जत्रेचा मंच काही देवघर नव्हे, मान्य. शिट्ट्या असायच्या, पिऊन आलेले असायचे, नोट हातात द्यायच्या निमित्तानं हात धरणारेही. पोरगं लहान होतं तेव्हा ते मंचामागं कोंगो ड्रमच्या खोळीवर झोपायचं आणि ही एक डोळा तिकडं ठेवून गायची. असला मंच सोडला तर तिला कोण बोल लावणार? पण गाणं? एका लावणीतली एक जागा, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, नीट बसेना म्हणून हिनं आम्हाला रात्री दीडपर्यंत बसवलं होतं. "काळी चारच्या पट्टीत नकोच, पांढरी पाचमध्ये बघू." तो गळा चर्चच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवता येतो होय?

मी तिला थॉमस डॉर्सीची गोष्ट सांगितली. अमेरिकेत ज्याला गॉस्पेलचा, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या भक्तिगाण्याचा, जनक म्हणतात तो हा माणूस. आधी 'जॉर्जिया टॉम' नावानं ब्लूज, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांची दुनियादारीची गाणी, वाजवायचा, आणि १९२८ मधलं त्याचं गाजलेलं गाणं पाळकसाहेबांसमोर म्हणता येणार नाही इतकं चावट. १९३२ मध्ये तो कार्यक्रमासाठी परगावी असताना बायको बाळंतपणात गेल्याची तार आली. बाळही वाचलं नाही. त्या दुःखातून त्यानं जी प्रार्थना रचली, ती पुढं मार्टिन ल्यूथर किंग यांची आवडती झाली. १९६८ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सननं तीच गायली. गंमत अशी, की सुरुवातीला कितीतरी चर्चनी डॉर्सीला उभं केलं नव्हतं. का, तर त्याच्या भक्तीतून ब्लूजचा वास येतो! तो वास त्यानं धुऊन टाकला असता तर आज कुणी त्याचं नाव घेतलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

तिकडचा लिटल रिचर्ड १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात रॉक अँड रोल सोडून देवाकडं गेला, बोटातल्या अंगठ्या पाण्यात फेकल्या, आणि पाच वर्षांत परत मंचावर. असेही असतात.

आपल्याकडं तर हे कुंपणच नव्हतं. तमाशाची सुरुवात गणानं, मग गवळण, मग पुढचं सगळं. आमच्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव कुलकर्ण्यांच्या घरातून फडावर गेले. सोलापूरचे राम जोशी लावण्या रचता रचता कीर्तनाकडं वळले. दर्ग्याच्या उरुसात गवई हजेरी लावतात, तेव्हा ठुमरीतला 'पिया' कोण, असं मिरजेत कुणी विचारत नाही.

आणि ताईच्या हातातल्या 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतांच्या पुस्तकात तरी काय आहे? ना. वा. टिळकांची पदं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेताना टिळकांनी ओवी-अभंग मागं टाकले नाहीत, कीर्तनही टाकलं नाही. शेवटच्या काळात साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तोही दरबारच.

हे सगळं मी फोनवर तिला ऐकवलं. सव्वा तास. ती मधे एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "झालं तुझं? शिट्ट्या तू ऐकल्यास रे. त्या माझ्या अंगावर आल्या."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. तरी 'अंधार' हा शब्द मला मान्य नाही, हेही इथं लिहून ठेवतो.

गेल्या रविवारी परत गेलो होतो. पेटी, तबला, पुढं ती, पांढरी साडी. टिळकांचं पद. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी समेवर यायच्या आधी तिनं हळूच एक जागा घेतली. तीच! दीड वाजेपर्यंत बसून घोटलेली, लावणीतली. माझी बोटं आपोआप बाकावर पडली, जरा जोरातच. शेजारच्या आजींनी चष्म्यावरून असं बघितलं, की मी हात मांडीखाली दाबून बसलो.